ग्रँटमध्ये पैसे आहेत ना, मग टाक तिथे!

हे वाक्य मी दर जूनमध्ये ऐकते. न्यू जर्सीतल्या एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, अकाउंट्समध्ये मी ११ वर्षं काम करतेय. इथलं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, त्यामुळे आपला मार्चएंड इथे जूनमध्ये येतो. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. अनुदान परत जाऊ नये म्हणून मार्चअखेरीला हेडमास्तर काय काय खरेदी करायचे, याचे किस्से ती अजून सांगते. माणसं सगळीकडे सारखीच.

या जूनमध्ये कॉपियरच्या भाड्याचं ४,२०० डॉलरचं बिल आलं. वर पिवळी चिठ्ठी: 'टायटल वनला टाका.' टायटल वन म्हणजे १९६५ च्या कायद्यापासून चालत आलेला केंद्र सरकारचा निधी, गरीब वस्तीतल्या शाळांत अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठीचा. बिलात तीन मशीनं होती. त्यातली दोन आमच्या सेंट्रल ऑफिसात, एक तर माझ्याच टेबलामागे. त्या मशीनवर मी आजवर एकाही मुलासाठी धडा छापलेला नाही.

यात कोणी चोर नसतो, हे आधी सांगते. घरी कोणी दमडी नेत नाही. म्हणूनच सगळ्यांना वाटतं, शाळेचाच पैसा, या खिशातला त्या खिशात गेला तर काय बिघडलं? बिघडतं ते असं: आमच्या दराने ४,२०० डॉलर म्हणजे शाळा सुटल्यावरच्या शिकवणीचे १०० तास. नियम सांगतो की राज्याचा आणि स्थानिक कराचा पैसा शाळांना वाटताना टायटल वनकडे बघायचंच नाही. हा निधी त्याच्यावर भर म्हणून, त्याच्या बदली नाही. कॉपियर तर टायटल वन नसतं तरी आलाच असता.

पण बिलं निदान डोळ्यांना दिसतात. खरी गडबड पगारात असते, आणि ग्रँटचा बहुतेक पैसा जातोही तिथेच. आमच्याकडे वाचनाच्या एक शिक्षिका आहेत, पगार पूर्ण टायटल वनमधून. मागच्या हिवाळ्यात बदली शिक्षक मिळेनात, म्हणून त्यांना सहा आठवडे पाचवीच्या वर्गावर उभं केलं. जानेवारीत त्यांचा सहामाही फॉर्म आला: 'पूर्ण वेळ टायटल वनचं काम केलं.' खाली सही. मला पत्ता लागला तो बदली शिक्षकांच्या कॅलेंडरवर त्यांचं नाव दिसलं म्हणून. विचारलं तर त्या बिचाऱ्या म्हणाल्या, सगळे सही करत होते, मीही केली. केंद्राच्या नियमात स्वच्छ लिहिलंय की पगाराची नोंद प्रत्यक्ष केलेल्या कामाची हवी, नुसता बजेटमधला अंदाज हा पुरावा नाही. सहा आठवड्यांचा पगार मी जनरल फंडात, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या नेहमीच्या खर्चाच्या खात्यात, वळवला. साहेब म्हणाले, "तू आमच्याकडची आहेस की ऑडिटरकडची?"

दरवर्षी यावर दोन तासांचं ट्रेनिंग होतं. सगळे स्लाइड बघत सँडविच खातात. माझ्या मते त्याचा उपयोग शून्य. चूक जर्नल एंट्रीच्या वेळी, म्हणजे खर्च हिशेबात चढवताना नाही, खरेदीची मागणी येते तेव्हा थांबवायची. मागणीवर 'कोणासाठी' आणि 'ग्रँटच्या मंजूर आराखड्यात हे कुठे आहे' असे दोन रकाने मी घातलेत. ते भरल्याशिवाय पर्चेस ऑर्डर निघत नाही. आणि महिन्यातून एकदा बदली शिक्षकांचं कॅलेंडर पगाराच्या यादीशी ताडून बघायचं. वीस मिनिटं लागतात, खर्च काही नाही. तरी अजून मी एकटीच करते.

आता तर जास्तच डोळ्यात तेल घालून बसावं लागतंय. कोविडच्या काळात शाळांना तीन हप्त्यांत मिळून सुमारे १९० अब्ज डॉलर आले. शेवटच्या हप्त्यातला पैसा कशावर खर्च करायचा ते पक्कं करायची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. पैसा गेला, त्यावर नेमलेली माणसं राहिली, आणि त्यांचे पगार कुठे बसवायचे म्हणून सगळ्यांची नजर टायटल वनवर. त्यात केंद्राच्या निधीसाठीच्या सक्तीच्या ऑडिटची मर्यादाही साडेसात लाख डॉलर खर्चावरून दहा लाखांवर गेली, म्हणजे त्याहून कमी खर्च करणारे त्यातून सुटले. आमच्या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं. छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये ऑडिटरची भीती हाच एक ब्रेक असतो.

कॉपियरचं बिल मी परत पाठवलं. ते ज्यांनी पाठवलं होतं ते मुख्याध्यापक दोन आठवडे माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. ऑगस्टमध्ये त्यांची नवी मागणी आली, हेडफोनची. या वेळी दोन्ही रकाने भरलेले होते. 'कोणासाठी' समोर लिहिलं होतं, 'सगळ्यांसाठी'.

परत पाठवली.