बार्बेरियन बंद करू नका, फक्त त्यांना थोडा उशीर करा

सिव्हिलायझेशन ६ या साम्राज्य उभारायच्या कॉम्प्युटर गेममध्ये नवा डाव लावताना ‘नो बार्बेरियन्स’वर टिक करून लुटारू टोळ्या बंद करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, तुमचा राग मला कळतो. दुसऱ्या शहरासाठी सेटलर (नवं शहर वसवणारा) बाहेर काढावा आणि कुठूनतरी घोडेस्वार येऊन तो पळवून न्यावा, डोकं फिरणारच. तरीही हात जोडून सांगते, ते बंद करू नका. स्लिंगरने (गोफणवाल्याने) पहिला शत्रू टिपला की आर्चरीचं युरेका, म्हणजे ते तंत्र लवकर शिकायची सवलत मिळते, तीन बार्बेरियन मारले की ब्राँझ वर्किंगचं. शेजारी राजा लांब असेल तर सुरुवातीला मारायला दुसरं आहे कोण? बार्बेरियनच नसले तर आधी वॉरियर (लढवय्या) की आधी बिल्डर (शेतं-खाणी उभारणारा), हा पेचच उरत नाही, आणि सुरुवातीची सगळी मजा त्या पेचात आहे.

मुळात ही कल्पना फार सुंदर आहे. याच मालिकेतल्या सिव्ह ४ मध्ये बार्बेरियन नुसते अंधारातून उगवायचे. इथे आधी त्यांचा स्काउट (टेहळ्या) येतो. तुमचं शहर दिसलं की डोक्यावर उद्गारचिन्ह घेऊन तळाकडे पळत सुटतो. तो पोचला तर टोळी निघते, वाटेत मेला तर नाही. खेळाडूला आधी इशारा मिळतो.

पण तो इशारा बऱ्याचदा कामाचा राहत नाही. एका टर्नमध्ये (खेळीत) स्काउटची चाल ३ टाइलची (नकाशावरच्या घरांची), वॉरियरची २. मोकळ्या मैदानात एकदा निसटला की एकटा वॉरियर त्याला गाठूच शकत नाही. त्यात तळाजवळ घोडे असले तर टोळीत घोडेस्वार आणि घोड्यावरचे तिरंदाज येतात, आणि आपल्या स्लिंगरचा पल्ला जेमतेम एका टाइलचा! डिसिप्लिन या धोरणाच्या कार्डाने बार्बेरियनशी लढताना ५ ताकद वाढते, पण घोड्यामागे पायी धावून काय होणार?

म्हणून माझं म्हणणं आहे की टोळी लहान करू नका, तिला वेळ लावा. स्काउट पोचल्यावर चार-पाच टर्न जाऊ द्या. तेवढ्यात माणूस एखादा भालेवाला उभा करतो, सेटलर मागे घेतो. हल्ला तेवढाच जोरदार राहू दे, पण हरलो तर आपल्या निर्णयामुळे हरलो असं वाटलं पाहिजे.

२०२१ मध्ये आलेल्या बार्बेरियन क्लॅन्स मोडने (गेम सुरू करताना निवडायच्या वेगळ्या नियमांनी) हे बरंचसं साधलंय. सोनं देऊन तळाला काही काळ गप्प बसवता येतं, त्यांचा सैनिक भाड्याने घेता येतो, आणि तळ टिकू दिला तर पुढे त्याचं सिटी-स्टेट (छोटं स्वतंत्र नगरराज्य) होतं. सुरुवातीला खजिन्यात खडखडाट असतो, त्यामुळे प्रत्येक नाणं जपून टाकावं लागतं.

पुढचा गेम हा मोड लावून खेळा. आणि एक सैनिक टेकडीवर बसवून ठेवा, कारण आपल्याला दिसत असलेल्या टाइलवर नवा तळ उगवत नाही.