राजे गेले, ठेवी राहिल्या

पाडव्याला आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर श्रीखंडाच्या फोटोंखाली भांडण जुंपलं. सदाशिव पेठेतल्या मामांनी ‘शालिवाहन शक देणारे सातवाहन आपलेच’ असं टाकलं. चुलतबहिणीचा नवरा हैदराबादचा. पुराणं सातवाहनांना ‘आंध्र’ म्हणतात, तो शब्द त्याने पुढे केला. मग एवढं राज्य बुडालं कशाने, यावर मामांचं ठरलेलं उत्तर आलं: फितुरी. पुण्यात पानिपतापासून सोसायटीच्या निवडणुकीपर्यंत सगळं फितुरीनेच जातं.

मी जर्मनीत ट्रीरला राहते. ऑफिसच्या वाटेवर रोमनांनी इ.स. 170च्या सुमारास बांधलेली काळी वेस लागते, पोर्टा निग्रा. रोमन सत्ता गेली, फ्रँक आले, अकराव्या शतकात वेशीचं चर्च झालं, नेपोलियनने ते पाडायला लावलं. चर्चचा एक अर्धगोल तुकडा मात्र अजून वेशीला चिकटून आहे. रोमन नक्की कुणाचे, यावर इथे माझ्यासमोर कुणी हमरीतुमरीवर आलेलं नाही. जर्मन फार शहाणे म्हणून नव्हे हं. शुद्ध रक्ताच्या पूर्वजांचं वेड त्यांनी एकदा जगाला भोगायला लावलंय.

वेस बांधली गेली त्याच सुमाराचे आपले यज्ञश्री सातकर्णी, सातवाहनांतले शेवटचे मोठे राजे. तिसऱ्या शतकात ते राज्य विस्कटलं. नाशकात आभीर, बनवासीला चुटू, कृष्णेच्या खोऱ्यात इक्ष्वाकू, पुढे विदर्भात वाकाटक. यातला खरा वारस कोण?

मामांना मी नाशिकच्या पांडवलेण्यांतलं दहा क्रमांकाचं लेणं आठवून दिलं. ते कोरवलं नहपान क्षत्रप या शक राजाचा जावई उषवदात याने, म्हणजे मध्य आशियातून आलेल्या शकांपैकी एकाने. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, 3,000 कार्षापण नाणी ठेवली. मग सातवाहन राजा गौतमीपुत्राने नहपानाला हरवलं आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःचे छाप मारले. जोगळटेंभीला अशी नाणी हजारोंनी सापडली. सातवाहनांचीही सत्ता सरली. आणि त्याच लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा लेख आहे: विष्णुदत्ता नावाची बाई, स्वतःला शकानी म्हणवणारी, आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी गोवर्धनच्याच श्रेणींकडे पैसे ठेवते. त्यांत कुंभार आहेत, तेली आहेत.

तीन राजवटी झाल्या, तरी ठेव ठेवायची जागा तीच. मला विचाराल तर सातवाहनांचे वारस हे कुंभार आणि तेली. राजा बदलला म्हणून त्यांनी दुकान बंद केलं नाही, आणि शकाची लेक म्हणून विष्णुदत्तेला दारातून परतही लावलं नाही. मामांच्या लाडक्या शालिवाहन शकाचं तरी काय? ती कालगणना पश्चिमी क्षत्रपांनी, म्हणजे शक राजांनीच वापरली, चालवली. शालिवाहनाचं नाव तिला कित्येक शतकांनी चिकटलं. ज्यांना हरवल्याची गुढी आपण उभारतो, त्यांचंच वर्ष पंचांगात मोजतो. मला यात लाज वाटण्याजोगं काही दिसत नाही, उलट मजाच वाटते.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. बराच वेळ शांतता. मग मामा: “व्याज काय दराने?”

विणकरांकडच्या 3,000पैकी 2,000वर शेकडा एक, दरमहा, असं मी कळवलं. पहिला अंगठा हैदराबादच्या जावयाचा आला. पाठोपाठ मामांचा मेसेज: “म्हणजे सालाचे बारा टक्के. आमच्या एफडीपेक्षा बरं!”