स्वस्त असणे हाच ज्यांचा वारसा होता

एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारची जुनी नावे पुन्हा रस्त्यावर आणायची असतील, तर ती सामान्य नोकरदाराला परवडेल अशाच गाडीवर लागली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. या नावांचा उल्लेख निघाला की लाकडी स्टिअरिंग, चामड्याच्या खुर्च्या आणि गर्भश्रीमंतांच्या रविवारच्या सहली असे चित्र आपल्यापुढे येते. ते चित्र फार तर बेंटली किंवा अ‍ॅस्टन मार्टिनला लागू पडेल. एमजी आणि ट्रायम्फ या मात्र जन्मापासून मध्यमवर्गाच्या गाड्या होत्या, आणि त्यांचे आजचे मालक नेमके हेच विसरले आहेत.

सुरुवातच पाहा. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, विल्यम मॉरिस यांचा ऑक्सफर्डमधला गाड्या विकण्याचा आणि दुरुस्तीचा व्यवसाय. तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी मॉरिसच्या साध्या घरगुती गाड्यांवर देखण्या, हलक्या बॉडी चढवायला घेतल्या आणि त्यातून ही कंपनी उभी राहिली. १९२८ साली लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात त्यांनी एमजी मिजेट मांडली. तिची चेसिस आणि ८४७ सीसीचे इंजिन मॉरिस मायनरचे होते, बॉडी प्लायवूडची आणि त्यावर कापड ताणलेले. किंमत होती १७५ पौंड. ज्याने तोवर फक्त मोटरसायकलचे स्वप्न पाहिले होते, अशा तरुणाच्या आवाक्यात एक खरीखुरी स्पोर्ट्‌स कार आली. पुढची पन्नास वर्षे ब्रिटिश रोडस्टरचा, म्हणजे उघड्या टपाच्या दोन आसनी गाडीचा, धंदा याच सूत्रावर चालला. घरगुती गाडीचे सुटे भाग घ्यायचे, वजन कमी ठेवायचे आणि त्यावर मन वेधून घेणारी बॉडी बसवायची.

मी नोकरीनिमित्त कॉव्हेंट्रीत राहतो. इथून अर्ध्या तासावर गेडनचे ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. तिथे गेलो की माझे पाय १९५८ च्या ऑस्टिन-हीली स्प्राइटकडे वळतात. बॉनेटवर वर आलेल्या दोन गोल दिव्यांमुळे ही गाडी ‘फ्रॉगआय’ म्हणून ओळखली जाते. दिवे मिटणारे असावेत असा मूळ विचार होता, पण ती यंत्रणा महाग पडते म्हणून ते तसेच उघडे ठेवले गेले. दाराला बाहेरून कडी नाही. खिडकीच्या जागेतून हात आत घालून दार उघडायचे. डिकीला झाकणच नाही, त्यामुळे सामान ठेवायचे तर आसनांची पाठ पुढे वाकवून हात आत खुपसावा लागतो. बॉनेट मात्र दोन्ही चाकांवरच्या पत्र्यांसह अख्खे वर उचलले जाते. ते उघडे असताना पाहिले की आत ऑस्टिन ए-३५ या छोट्या घरगुती गाडीचे ९४८ सीसीचे इंजिन दिसते. त्याला फक्त दोन कार्ब्युरेटर जोडलेले आहेत. स्टिअरिंगचे रॅक मॉरिस मायनरचे. गाडीचे वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास. एकेक पेनी वाचवताना डोनाल्ड हीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका गोष्टीला मात्र हात लावला नाही, ती म्हणजे गाडी चालवण्याचा आनंद. काय काढायचे आणि काय अजिबात काढायचे नाही, हे इतके स्पष्ट ठाऊक असलेले अभियंते मला आजच्या मोटारउद्योगात क्वचित दिसतात.

पुढे १९६२ मध्ये एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर या दोन्ही गाड्या आल्या आणि दोन्ही १९८० पर्यंत चालल्या. एमजीबीत घरगुती गाड्यांचेच १८०० सीसीचे इंजिन होते, तर स्पिटफायरची चेसिस ट्रायम्फ हेरल्डवरून घेतलेली होती. एमजीबी, तिच्या बंद टपाच्या जीटीसह, पाच लाखांहून अधिक बनल्या. स्पिटफायर तीन लाखांहून अधिक. त्यातल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. महायुद्धानंतर ब्रिटनला परकीय चलनाची नड होती आणि अमेरिकन तरुणांना या गाड्यांचे वेड लागले होते. १९५५ ते १९६२ या काळात बनलेल्या लाखभर एमजीए (एमजीबीच्या आधीचे मॉडेल) गाड्यांपैकी जेमतेम सहा हजार ब्रिटनमध्ये विकल्या गेल्या, यावरून त्या निर्यातीची कल्पना यावी.

मग हे सारे बुडाले का? गिऱ्हाईक संपले म्हणून नव्हे. १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड या अवाढव्य कंपनीत सगळी नावे कोंबली गेली, नव्या मॉडेलसाठी पैसा उरला नाही आणि जो होता तो ट्रायम्फ टीआर-७ वर गेला. अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येईल या भीतीने तीही बंद टपाची काढली गेली. उघड्या टपाची टीआर-७ यायला १९७९ उजाडले. एमजीबीला अमेरिकन नियमांसाठी रबरी बंपर लावले, तिची उंची वाढवली आणि चांगल्या चालीच्या गाडीची चाल बिघडवली. अ‍ॅबिंग्डनच्या एमजी कारखान्याला पन्नास वर्षे झाल्याचा सोहळा नुकताच पार पडला असताना, सप्टेंबर १९७९ मध्ये, तो बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. पौंड वधारल्याने अमेरिकेत प्रत्येक गाडीमागे तोटा होतो, असे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. इथे कॉव्हेंट्रीत, कॅनलीला जिथे ट्रायम्फचा कारखाना होता, तिथे आता बिझनेस पार्क आहे आणि त्यातल्या एका रस्त्याला हेरल्ड असे नाव आहे. त्या रस्त्यावरून जाताना मला दर वेळी वाईट वाटते.

गिऱ्हाईक संपले नव्हते याचा पुरावा जपानने दिला. त्याच १९७९ साली बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतो यांना, साधी, हलकी, उघडी ब्रिटिश धर्तीची गाडी तुम्ही काढा, असे सुचवले. १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ अवतरली. तिचे १६०० सीसीचे इंजिन माझदा ३२३ या घरगुती गाडीच्या कुळातले, इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, वजन हजार किलोंच्या आत. म्हणजे किंबर यांचेच सूत्र. फक्त या गाडीतून तेल गळत नव्हते आणि पावसाळी सकाळी ती पहिल्या किल्लीला सुरू होत होती. २०१६ पर्यंत दहा लाख एमएक्स-५ बनल्या. ब्रिटनमधल्या गल्लोगल्ली आज ती दिसते, आणि त्या प्रत्येक गाडीवर एमजी किंवा ट्रायम्फचे चिन्ह असू शकले असते असे माझ्या मनात येते.

ब्रिटिशांना हे जमत नव्हते असेही नाही. १९९५ ची एमजीएफ पाहा. एमजी हे नाव तेव्हा ज्या रोव्हर कंपनीकडे होते, तिच्याकडे पैसा नव्हता, मागच्या चाकांना ओढ देणारी घरगुती गाडीही नव्हती. तेव्हा अभियंत्यांनी मेट्रो या छोट्या घरगुती गाडीचे पुढचे सबफ्रेम, म्हणजे इंजिन पेलणारी चौकट, घेतले आणि इंजिन-गिअरबॉक्सचा अख्खा संच आसनांच्या मागे बसवला. इंजिन मधोमध असलेली, चपळ आणि वाजवी किमतीची ती गाडी ब्रिटनमध्ये उत्तम खपली. २००५ मध्ये एमजी रोव्हर कोसळली ती घरगुती गाड्यांमुळे. एमजी हे नाव आधी नानजिंग आणि मग साइक या चिनी समूहांकडे गेले.

साइकने २०२४ मध्ये एमजी सायबरस्टर विक्रीला आणली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. इतक्या वर्षांनी एमजीची उघडी गाडी! ती विजेवर चालते, वेगवान आहे, देखणी आहे आणि एका मोठ्या कंपनीने रोडस्टरवर पैसा लावला याबद्दल मी साइकचा आभारी आहे. पण तिचे वजन दोन टनांच्या जवळ जाते, दरवाजे कात्रीसारखे वर उघडतात आणि ब्रिटनमध्ये तिची किंमत पंचावन्न हजार पौंडांपासून सुरू झाली. भारतात ती २०२५ मध्ये सुमारे पंचाहत्तर लाखांना आली. ही मिजेटची वारस नव्हे. एमएक्स-५ आजही ब्रिटनमध्ये तीस हजार पौंडांच्या आसपास मिळते, म्हणजे स्वस्त रोडस्टर आता शक्यच नाही हे म्हणणे टिकत नाही.

अडचणी खऱ्या आहेत, हे मी मान्य करतो. पादचाऱ्यांच्या सुरक्षेच्या नियमांमुळे बॉनेट उंच करावे लागते, एअरबॅग आणि चालकाला सावध करणाऱ्या यंत्रणा सक्तीच्या आहेत, आणि दोन आसनी गाडीचा बाजार लहान असल्याने हा सगळा खर्च थोड्या गाड्यांवर पडतो. म्हणूनच एकट्या छोट्या कंपनीने हे धाडस करू नये. टीव्हीआरने २०१७ मध्ये गुडवुडला नवी ग्रिफिथ थाटामाटात दाखवली, लोकांनी अनामत रकमा भरल्या, आणि ती गाडी ग्राहकांच्या दारात काही आली नाही. याउलट फियाटने २०१६ ची १२४ स्पायडर थेट एमएक्स-५ च्या सांगाड्यावर, हिरोशिमाच्या कारखान्यात बनवून घेतली आणि त्यात आपले टर्बो इंजिन बसवले. ती फार वर्षे टिकली नाही, पण नाव परत आणण्यासाठी अब्जावधी ओतावे लागत नाहीत हे तिने दाखवून दिले.

नाव स्वस्त केले की त्याची पत जाते, असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्याला आपल्या चाकणने उत्तर दिले आहे. ट्रायम्फ मोटरसायकलचा धंदा १९३६ पासूनच मोटारीच्या कंपनीपासून वेगळा आहे. त्या ट्रायम्फने बजाजला सोबत घेतले आणि २०२३ मध्ये चाकणला बनणारी स्पीड ४०० सव्वादोन-अडीच लाखांच्या दरम्यान आणली. तीच गाडी ब्रिटनमध्येही विकली जाते. त्यामुळे ट्रायम्फचे ब्रिटनमधले घर असलेल्या हिंकलीच्या महागड्या मोटरसायकलींची किंमत कोणाच्या नजरेत उतरली नाही. उलट ट्रायम्फच्या दुकानात पाऊल टाकणारे नवे तरुण वाढले.

मोटारींचे ट्रायम्फ हे नाव आज बीएमडब्ल्यूकडे आहे. २००० मध्ये आपल्या ताब्यातली रोव्हर विकताना त्यांनी मिनीबरोबर ते स्वतःकडे ठेवले आणि आजवर वापरले नाही. त्यांच्याकडे मिनीचे दीड लिटरचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन आहे. त्याच कुळातले इंजिन त्यांनी आय-८ या महागड्या गाडीत आसनांच्या मागे बसवून दाखवले, म्हणजे एमजीएफची युक्ती त्यांच्या अभियंत्यांना अनोळखी नाही. २०१२ ची मिनी रोडस्टर हा टप कापलेल्या मिनीचाच प्रकार होता आणि ती २०१५ मध्ये बंद झाली. तो प्रयोग पुन्हा नको. मिनीचे इंजिन आणि गिअरबॉक्स मागे, अकराशे किलोंच्या आत वजन, हाताने मागे टाकता येणारे कापडी हुड, मोठ्या पडद्याऐवजी फोन लावायला एक खोबण, आणि तीस हजार पौंडांखाली किंमत एवढेच मी मागतो. साइकला वीजच हवी असेल तर त्यांनी सायबरस्टरच्या निम्म्या बॅटरीची, दीडशे-दोनशे किलोमीटर जाणारी छोटी मिजेट काढावी. रविवारी कॉट्सवोल्डच्या वळणांवर फिरून घरी परतणाऱ्याला त्याहून जास्त पल्ला लागत नाही. यांपैकी जी कंपनी आधी नोंदणी सुरू करील, तिच्याकडे मी अनामत भरेन.