रिकाम्या दुकानाचं ऑडिट, तेही तीन सेकंदांत

तुमच्या रोजच्या रस्त्यावर असं एखादं दुकान असेलच, जिथे गिऱ्हाईक कधी दिसत नाही. मालक माशा मारत बसलेला, तरी वर्षानुवर्षं शटर मात्र रोज वर जातं. अशा वेळी गप्प बसू नका. ‘इथे नक्की पाणी मुरतंय’ हे सोबतच्या माणसाला लगेच सांगून टाका.

तपासणीची वेळ मात्र बदलायची नाही. रोज कामावर जाताना, चालत्या गाडीतून, तीनच सेकंद आत डोकवायचं. त्या वेळी बाकीचं जगही कामावरच निघालेलं असतं, ही शंका मनात आणू नये.

आकडेमोड तर मुळीच नको. ती फार दगाबाज. समजा, दहा तासांत ६० गिऱ्हाइकं आली आणि प्रत्येक जण पाच मिनिटं थांबला. जॉन लिटल या संशोधकाने १९६१ साली ज्याची सिद्धता दिली त्या रांगांच्या नियमाप्रमाणे (येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ) दुकानात कोणत्याही क्षणी सरासरी माणसं किती? अर्धा! लोक आपापल्या सवडीने येत असतील, तर हे बऱ्यापैकी चालणारं दुकान साधारण ६० टक्के वेळ रिकामंच दिसणार. आता हा अर्धा माणूस तुम्हाला काचेतून कसा दिसावा? सोडून द्या.

सोफ्याच्या दुकानात गर्दी नाही म्हणून जरूर हळहळा. लोक दर आठवड्याला नवा सोफा का घेत नाहीत, याचा जाब मालकालाच विचारा. फोनवर येणाऱ्या घाऊक ऑर्डरी आणि मागच्या दाराने जाणारा माल आपल्या हिशेबात धरायचा नसतो. गाळा स्वतःचा, भाडं शून्य, गल्ल्यावर घरचंच माणूस बिनपगारी, हेही नको. (गाळा भाड्याने दिला असता तर जास्त सुटले असते, हे खरं, पण ते त्याला घरी ऐकवणारे आहेत.)

शेवटी हुकमी पत्ता आहेच: काळ्याचा पांढरा! अडचण एवढीच, की काळा पैसा विक्री म्हणून दाखवायचा तर ती विक्री पटायला हवी. जिथे कुत्रंही फिरकत नाही तिथला फुगलेला गल्ला चटकन डोळ्यांवर येतो. त्यापेक्षा रोखीचा, गजबजलेला धंदा सोयीचा. तिथे डोकी कोण मोजतंय? म्हणजे संशय घ्यायचा तर गर्दीच्या दुकानाचा. पण तिथे रांगेत तुम्हीच उभे असता, तेव्हा तो विषय नको.

आत मात्र चुकूनही जाऊ नका. गेलात तर दुकान रिकामं राहणार नाही, आणि तुमचा इतक्या वर्षांचा अभ्यास फुकट जाईल.