‘स्प्लिंटर’ म्हणजे रद्द झालेली पटकथा नव्हे

अ‍ॅलन डीन फॉस्टरच्या ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’ (१९७८) या कादंबरीबद्दल एक ठरावीक मजकूर फिरत असतो. त्याचा सारांश असा: ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालिकेच्या दुसऱ्या भागाची पटकथा रद्द झाली, पहिला चित्रपट गाजल्यावर तीच घाईघाईने कादंबरी म्हणून खपवली, लेखक पहिल्या चित्रपटातल्या हान सोलो या पात्राला चक्क विसरला, ल्यूक आणि लेया ही मुख्य पात्रं बहीण-भाऊ असूनही त्यांच्यात ओढ दाखवली, आणि २०१४ साली पुस्तक बादच झालं, तेव्हा वाचायचं कशाला?

पहिला मुद्दा पटकथेचा. इथे क्रमच उलटा सांगितला जातो. आधी पटकथा आणि मग पुस्तक असं घडलेलं नाही. आधी पुस्तक लिहायचं आणि पहिला चित्रपट जेमतेम चालला, तर त्यावरून कमी खर्चात दुसरा भाग काढायचा, असा बेत होता. फॉस्टरला मोकळीक होती, पण एका अटीवर: आधीच्या चित्रपटातलं सामान आणि पोशाख पुन्हा वापरता आले पाहिजेत. ही अट कथानकात जागोजागी दिसते. जवळजवळ सगळी गोष्ट मिंबन या एकाच ग्रहावर घडते, आणि तो ग्रह कायम धुक्यात. धुकं असलं की मागे भव्य सेट उभारावा लागत नाही, चार पावलांपलीकडचं दाखवायची गरजच उरत नाही. ल्यूक आणि लेया खाणकामगारांच्या वेशात वावरतात आणि पुढचा बराच भाग जमिनीखालच्या बोगद्यांत जातो. हस्तलिखितात सुरुवातीला अंतराळातली एक चकमक होती, ती स्टार वॉर्सचा कर्ता जॉर्ज ल्यूकसने काढायला लावली. मॉडेल्स आणि विशेष दृश्यपरिणाम म्हणजे खर्च, आणि खर्च टाळण्यासाठीच तर हा खटाटोप. म्हणून छापील पुस्तकात यान थेट ग्रहावर कोसळतं.

‘गाजल्यावर घाईघाईने’ हेही तसंच. फॉस्टरचा करार दोन पुस्तकांचा होता. त्यातलं पहिलं, म्हणजे मूळ चित्रपटाचं कादंबरीरूप, नोव्हेंबर १९७६ मध्ये बाजारात आलं. मुखपृष्ठावर नाव जॉर्ज ल्यूकसचं, लेखन फॉस्टरचं. चित्रपट पडद्यावर आला २५ मे १९७७ रोजी. यशाची चाहूलही नसताना हे पुस्तक दुकानात होतं, आणि दुसरं, म्हणजे ‘स्प्लिंटर’, त्याच करारात ठरलेलं. टाय-इन, म्हणजे चित्रपटाला जोडून निघणाऱ्या कादंबऱ्या ‘पडद्यावरून उतरवून काढतात’ ही समजूतही इथेच मोडते. त्या पहिल्या पुस्तकात शेवटच्या हल्ल्यात ल्यूकचं सांकेतिक नाव ‘ब्लू फाइव्ह’ आहे, चित्रपटात ‘रेड फाइव्ह’. कारण तांत्रिक आहे: यानांची मॉडेल्स निळ्या पडद्यापुढे चित्रित होत होती, आणि निळे पट्टे असलेलं यान त्या पार्श्वभूमीत विरून गेलं असतं. चित्रपटात रंग बदलला, पुस्तकात पटकथेतलाच राहिला. ‘पॅल्पटीन’ हे सम्राटाचं नावही याच पुस्तकाच्या प्रास्ताविकात पहिल्यांदा छापलं गेलं.

हान सोलो विसरला वगैरे काही नाही. पुढच्या भागासाठी हानचं काम करणाऱ्या हॅरिसन फोर्डशी करार झालेला नव्हता. जो नट मिळेल याची खात्री नाही, त्याच्याभोवती स्वस्तातला चित्रपट कोण रचणार? हान नाही म्हणून त्याचा साथीदार च्युबाका नाही आणि त्याचं फाल्कन यानही नाही.

आता सगळ्यात जास्त उगाळला जाणारा मुद्दा, ल्यूक आणि लेयाचा. कादंबरीत त्यांच्यात ओढ आहे, हे खरंच. पण त्यांचं नातं प्रेक्षकांना कळलं १९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये, पुस्तकानंतर पाच वर्षांनी. खलनायक वेडर हा ल्यूकचा बाप आहे हेसुद्धा १९८० च्या दुसऱ्या भागात उघड झालं. पटकथालेखिका लेई ब्रॅकेटने दुसऱ्या भागाचा पहिला खर्डा फेब्रुवारी १९७८ मध्ये पूर्ण केला. त्यात ल्यूकचा बाप आत्मारूपात भेटतो, म्हणजे तो वेडर नाहीच. जे खुद्द पटकथेतच ठरलेलं नव्हतं, ते न ओळखल्याबद्दल कादंबरीकाराला दोष कसा देणार? बरं, १९८० च्या चित्रपटातही लेया ल्यूकचं चुंबन घेते. मग दंड एकट्या फॉस्टरलाच का?

खरी टीका करायचीच असेल तर जागा दुसऱ्या आहेत. बोगद्यांचा भाग रेंगाळतो. शेवटच्या द्वंद्वात ल्यूक वेडरचा हात छाटतो, पण एवढं कौशल्य त्याच्यात कुठून आलं याचं उत्तर ‘त्याच्या हातून ओबी-वान (त्याचा दिवंगत गुरू) लढला’ इतकंच मिळतं. आणि शेवटी ‘कायबर’ नावाचा जादुई स्फटिक सगळ्या जखमा भरून काढतो, ही तर सरळ पळवाट.

राहिला २०१४ चा मुद्दा. २५ एप्रिल २०१४ रोजी मालिकेची निर्माती कंपनी ल्यूकसफिल्मने जाहीर केलं की जुन्या कादंबऱ्या यापुढे ‘लेजेंड्स’ या नावाखाली निघतील आणि नव्या चित्रपटांवर त्यांचं बंधन नसेल. पुस्तकं मागे घेतली नाहीत, छपाई थांबवली नाही. त्या घटना अधिकृत इतिहासात धरल्या जात नाहीत, एवढंच. त्यातला माल मात्र उचलला गेला. कादंबरीतला हा ‘कायबर’ स्फटिक मुळात ल्यूकसच्या पहिल्या चित्रपटाच्या जुन्या खर्ड्यांतला, तिथून वगळलेला. फॉस्टरने तो छापात आणला. पुढे वेगळ्या स्पेलिंगने तो लाइटसेबरच्या, म्हणजे मालिकेतल्या प्रकाशाच्या तलवारीच्या गाभ्यात जाऊन बसला आणि २०१६ च्या ‘रोग वन’मध्ये तर डेथ स्टार या साम्राज्याच्या महाकाय अंतराळतळाचं हत्यार त्याच्यावरच चालतं.

आणि मिंबन? तो २०१८ च्या ‘सोलो’ या चित्रपटात आला, तसाच धुकट आणि चिखलाने बरबटलेला. त्या चिखलात साम्राज्याचा साधा शिपाई म्हणून लढतो तो हान सोलो, आणि च्युबाकाशी त्याची पहिली गाठ पडते तीही तिथेच.