पूर्णविरामाचा राग

परवा लेकीने क्लास सुटायला उशीर होईल असे व्हॉट्सअॅपवर कळवले, तेव्हा अप्पा बळवंत चौकातल्या कचेरीत प्रुफे तपासता तपासता मी "ठीक आहे." असे उत्तर धाडले. रात्री घरी आल्यावर तिने चपला काढण्याआधीच आईला विचारले, "बाबा चिडलाय का गं?" शेवटी टिंब दिले की तिच्या पिढीला दार आपटल्याचा आवाज येतो म्हणे!

गेली २६ वर्षे इतरांच्या वाक्यांना पूर्णविराम देऊन पोट भरणाऱ्या मुद्रितशोधकाने हे निमूट ऐकून घ्यावे, ही अपेक्षाच अमानुष आहे. मेजर थॉमस कँडी या इंग्रजाने १९व्या शतकात याच पुण्यात मराठीला विरामचिन्हांची शिस्त लावली. त्याआधी मोडीत शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत. आता माझी मुलगी "बाबा", "अरे", "ऐक ना", "उद्या" असे एकच वाक्य चार तुकड्यांत पाठवते आणि टेबलावरचा फोन रिक्षासारखा थरथरतो. प्रत्येक तुकडा पाठवला की तो तिथे संपलाच, मग वेगळे टिंब कशाला, असा तिचा सवाल आहे. दुर्दैवाने तो बिनतोड आहे.

चिन्हांची तर आणखीच तऱ्हा. भाचीच्या लग्नातला माझा फेट्यातला फोटो पाहून लेकीने नुसती कवटी पाठवली. मी घाबरून फोन केला, तर म्हणाली, "अरे, हसून मेले!" हसता हसता रडणारा चेहरा, ज्याला ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१५ साली वर्षाचा शब्द ठरवले, तो आता फक्त काका लोक वापरतात. अंगठा पाठवणे मात्र उद्धटपणाचे. इथे आमचे एकमत झाले, कारण आमच्याकडेही अंगठा दाखवणे कधीच चांगले नव्हते.

काल मन घट्ट करून तिला "जेवायला थांबतो" असे बिनटिंबाचे लिहिले. पण ते उघडे वाक्य काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. पाठवलेला मजकूर १५ मिनिटांत दुरुस्त करता येतो, हे तिनेच मला शिकवले होते. चौदाव्या मिनिटाला मी टिंब दिले. संदेशाखाली दुरुस्तीची खूण उमटली आणि लगेच तिचे उत्तर आले:

"बाबा"

"आता काय झालं"