‘शिळं गरम करून वाढलंय’ म्हणणाऱ्या ऐरोलीकरांस

जावास्क्रिप्टमधल्या असिंक कामांसाठी (म्हणजे ज्यांच्या उत्तराची वाट बघावी लागते अशा कामांसाठी) मी रोज वापरतो त्या पाच छोट्या फंक्शन्सवर गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. थोडा वेळ थांबवणारं ‘स्लीप’, वेळ संपली की हात वर करणारं ‘टाइमआउट’, फसलं तर पुन्हा करून बघणारं ‘रीट्राय’, एका वेळी ठरावीकच कामं सोडणारं ‘लिमिट’ आणि एरर व डेटाची जोडी परत देणारं ‘टू’. त्याखाली ‘एक ऐरोलीकर’ या नावाने आलेली प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो:

“हे सगळं आता भाषेतच आहे. लेखकाने शिळं गरम करून वाढलंय. टाइमआउट झाला तरी मूळ रिक्वेस्ट चालूच राहते, हे लिहिलेलं नाही. रीट्राय पेमेंटच्या पोस्ट कॉलला लावला तर पैसे दोनदा कापले जातील, हेही नाही. नवशिक्यांनी यातलं काही उचलू नये.”

ऐरोलीकर, टीकेचं मला वावडं नाही. पण कुणाच्या घरी जेवायला जाऊन ताटावरून असं बोलतात का? आणि शिळ्याचंच म्हणाल, तर आमच्या घरी फोडणीचा भात मुलं मागून खातात.

आधी माझी चूक सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. ‘टाइमआउट’मध्ये मी प्रॉमिस.रेस वापरलं आहे (प्रॉमिस म्हणजे पुढे मिळणाऱ्या उत्तराची पावती; रेस त्यातली आधी निकाली निघेल ती धरतं) आणि काम वेळेत झालं तरी मागे लावलेला टायमर काढलेला नाही. त्यामुळे तीस सेकंदांची मर्यादा दिली आणि काम दोन सेकंदांत झालं, तरी नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामची) साधी स्क्रिप्ट उरलेले अठ्ठावीस सेकंद उगाच लटकत राहते. फायनलीमध्ये क्लिअर-टाइमआउटची एक ओळ हवी होती. ही चूक तुम्ही दाखवलेली नाही, माझी मलाच सापडली. तरी मान्य.

आता तुमचं पहिलं वाक्य. ‘हे सगळं आता भाषेतच आहे.’ हे सगळं म्हणजे काय काय?

प्रॉमिस.ऑल-सेटल्ड २०२० च्या आवृत्तीत आलं, प्रॉमिस.एनी २०२१ मध्ये, विथ-रिझॉल्व्हर्स २०२४ मध्ये, प्रॉमिस.ट्राय २०२५ मध्ये. ही भाषेत आहेत, आणि यातलं एकही माझ्या पाचांत नाही. तुम्ही लेख वाचलात की नुसतं शीर्षक?

‘स्लीप’ भाषेत नाही. तुम्ही म्हणाल, नोडमध्ये टायमर्स-प्रॉमिसेस आहे. आहे, नोड १५ पासून. पण ते नोडचं, ब्राउझरमध्ये चालत नाही. अहो, साधं सेट-टाइमआउटसुद्धा भाषेच्या स्पेसिफिकेशनमध्ये नाही, ते ब्राउझर आणि नोड आपापलं पुरवतात. ठरलेली वेळ संपली की काम रद्द करायचा इशारा देणाऱ्या अ‍ॅबॉर्टसिग्नल.टाइमआउटचंही तेच. भाषा वेगळी, ती जिथे चालते ती जागा वेगळी. ऐरोलीत गाडी थांबते म्हणून ऐरोली काही गाडीचा डबा होत नाही.

आता ‘लिमिट’ घ्या, आणि इथे मला खरोखर राग आला. एका वेळी पाचच कामं चालू ठेव, एक संपलं की पुढचं सोड, असं सांगायची सोय प्रॉमिसमध्ये आजही नाही. लोकांना वाटतं प्रॉमिस.ऑल कामं चालवतं. ते काहीच चालवत नाही, नुसतं वाट बघतं. त्याच्या हातात यादी पडते तोवर सगळ्या रिक्वेस्ट सुटलेल्या असतात. म्हणूनच ‘लिमिट’ला तयार प्रॉमिसांची यादी देऊन उपयोग नाही, प्रॉमिस देणाऱ्या फंक्शन्सची यादी द्यावी लागते. लेखात यावर दोन परिच्छेद खर्चले होते. ठाणे स्टेशनबाहेरच्या रिक्षांच्या रांगेचं उदाहरणही दिलं होतं. ते तुम्हाला पोरकट वाटलं असेल.

हे मी पुस्तकातून उचललेलं नाही. २०११ साली महापेच्या एका कंपनीत लागलो, तेव्हा भाषेत प्रॉमिस नव्हतं (ते २०१५ ला आलं, असिंक-अवेट २०१७ ला). कॉलबॅकच्या (काम संपलं की बोलवायच्या फंक्शनच्या) पोटात कॉलबॅक, कोड उजवीकडे सरकत सरकत स्क्रीनबाहेर. पुढे २०१८ मध्ये दुसऱ्या एका ठिकाणी चारेक हजार ग्राहकांची बिलं समोरच्या सर्व्हरवरून खेचायची होती. एका शहाण्याने यादीवर मॅप फिरवला, प्रॉमिस.ऑल लावलं आणि चहाला गेला. परत येऊन बघतो तर ४२९ चा (‘फार रिक्वेस्ट येताहेत’ या एररचा) पाऊस. प्रॉमिस.ऑल पहिल्या नकारालाच कोसळतं, त्यामुळे कुठली बिलं आली आणि कुठली राहिली याचा पत्ता नाही. तो शहाणा मीच. त्या रात्री घणसोलीला गाडीत बसलो, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि ठाणं यायच्या आत ‘लिमिट’ लिहून झालं. सतरा ओळी. आजही त्याच चालतात. म्हणजे मधे तुमचं स्टेशन लागलं तेव्हा मी ते ‘शिळं’ ताजं ताजं रांधत होतो.

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत. मूळ रिक्वेस्ट चालू राहते? राहते. प्रॉमिस बाहेरून रद्द करता येत नाही, हे दुखणं भाषेचं, माझ्या माथी कशाला? रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फेचला अ‍ॅबॉर्टसिग्नल दिला की ती थांबवता येते, हे मलाही ठाऊक आहे, पण प्रत्येक लेखात सगळंच कोंबायचं नसतं. पेमेंटचं उदाहरण तर उगाच भडक आहे. आयडेम्पोटन्सी-की (तीच रिक्वेस्ट दोनदा आली तरी सर्व्हरने एकदाच धरावी म्हणून दिलेली खूण) हा स्वतंत्र विषय आहे, आणि समोर पैसे असतील तर माणूस जरा विचार करूनच फंक्शन लावतो.

‘नवशिक्यांनी उचलू नये.’ हे ठरवणारे तुम्ही कोण? मी नौपाड्यातल्या मराठी शाळेत शिकलो. पहिलं वर्ष मॅन्युअल कमी आणि डिक्शनरी जास्त उघडली. तेव्हा असं कुणी मराठीत लिहिलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते. तुम्हाला एवढं येतं, तर तुम्ही लिहा ना. नाव घालून लिहा, मी पहिला वाचेन.

मूळ लेखात क्लिअर-टाइमआउटची ओळ घातली आहे. ‘रीट्राय’च्या खाली ‘फक्त गेट कॉलसाठी (नुसती माहिती आणणाऱ्या रिक्वेस्टसाठी) वापरा’ अशी एक टीपही टाकली आहे. ती तुमच्यामुळे नाही, मला आधीपासूनच टाकायची होती.